तेलाला वारा

दाणोली मागे पडली की काटा उजवीकडे कलायचा.
तिसऱ्या वळणावर एकशे दहा,
सातव्यावर एकशे तीस,
आणि तेलाचा दाब ओहोटीच्या खाडीसारखा
न सांगता खाली.
मी कठड्याशी थांबून बॉनेट उघडायची.
आंबोलीची माकडं रांगेत बसून बघायची
डॉक्टरीणबाईंची दोन दारांची गाडी
धापा टाकताना.

मूळची विलायती, अडुसष्ट सालची,
पोटात मात्र जिप्सीचं इंजिन,
इनास फर्नांडिसनं बसवलेलं.
इनास म्हणजे वेंगुर्ला बंदर,
जेट्टीमागची पत्र्याची शेड,
ट्रॉलरची फुप्फुसं दुरुस्त करणारा माणूस.
त्यानं डिपस्टिक नाकाशी धरली.
"हेका पाणी पुरता, पण तेलाक वारो होयो,"
म्हणाला, आणि गाल दाबून टायरवर बसला.
डावी खालची दाढ. तीन रात्री झोप नाही.

सौदा तिथेच ठरला.
मी त्याची नस काढायची,
त्यानं गाडीच्या नाकाशी कूलर बसवायचा.

कूलर आला कोल्हापूरच्या भंगारातून,
दहा ओळींचा,
पाकळ्या अर्ध्याअधिक चेपलेल्या.
दवाखाना बंद केल्यावर मी त्या सरळ केल्या,
दात तपासायच्या आकड्यानं,
एकेक.
जोर नको, कोन हवा:
वीस वर्षांची सवय ॲल्युमिनियमलाही चालली.
मध्येच एक वाळलेला टोळ निघाला,
कुठल्या तरी घाटावरच्या शेतातला,
इतका लांब आलेला.

इनासनं ग्रिल उतरवली.
फिल्टर आणि इंजिनाच्या मध्ये चकती घातली,
तिच्यातून दोन नळ्या, एक जायची, एक यायची.
पुढच्या पत्र्याला भोकं पाडली, काठ कानसले,
रबराच्या कड्या बसवल्या.
नळी पत्र्याला घासली
तर कधी फाटेल ते ती सांगत नाही.
कूलरची तोंडं वर ठेवली,
खाली ठेवली तर हवा आत दडून बसते.
पाऊण लीटर तेल जास्त लागलं.
मग प्लग काढून नुसताच स्टार्टर फिरवला,
इंजिन पेटवायचं नाही,
काटा हलेपर्यंत.
माझा हात शिवशिवत होता.
"घाई करू नको गो. पोचांदे तेल."
हेच मी त्याला म्हटलं होतं सकाळी,
भुलीचं इंजेक्शन दिल्यावर.

घाटात तेल पंच्याण्णव.
मी टाळी वाजवणार,
तेवढ्यात शेजारचा काटा उठला.
पाणी उकळत होतं.
कूलर रेडिएटरच्या पुढ्यात उभा राहून
सगळा वारा आधी आपण पीत होता
आणि मागच्याला उष्टा, गरम देत होता.
इनास अर्ध्या बधिर ओठानं हसला,
लाळ गळाली त्याची शर्टावर.
"तुज्या तेलान आपलो ताप
शेजाऱ्याक दिल्यान."

पुन्हा सगळं उतरवलं.
कूलर खाली नेला, नंबरप्लेटच्याही खाली,
जिथं स्वतःचा वारा आहे
आणि चिऱ्याचे खडेही आहेत.
म्हणून कुर्ल्यांच्या सापळ्याची जाळी कापून
पुढे ताणली.
तिला अजून वास येतो.
सिग्नलला मांजरं येतात.

आता वरपर्यंत तेल अठ्ठ्याण्णव, पाणी अठ्ठ्याऐंशी.
माकडं मला ओळखेनाशी झालीत.
दर रविवारी पाकळ्यांमधलं खारं धुऊन काढते,
विहिरीच्या पाण्यानं,
जोर नको, कोन हवा.

इनासच्या दाढेवर टोपी बसवायची राहिलीय.
हंगाम सुरू झाला, तो येत नाही.
दुखत नाही म्हणजे बरं झालं,
असं दातांबद्दल आणि इंजिनांबद्दल
सगळेच समजतात.
परवा जेट्टीवर दिसला,
बांगडा खात होता,
उजवीकडून.